पासिंग

गाडीला पंधरा वर्षं भरली, असा कागद आला नाही.
असले कागद येत नसतात. तारीख ज्याची त्यानं जपायची.
माझ्या नोकरीतही आम्ही कुणाला बोलावणं धाडत नव्हतो.

दस्तगीरनं बॉनेट उघडलं, चेसिस नंबर शोधला.
सापडेना.
एकोणीसच्या पुरातला गाळ
अजून बसून होता आकड्यांच्या खोबणीत,
हळकुंडाच्या सुरकुतीत माती बसते तसा.
रॉकेल, जुना टूथब्रश, फुंकर.
मग वर कागद धरून पेन्सिल आडवी फिरवली,
लहानपणी चार आण्यावर कागद ठेवून
सिंह काढायचो, तशी.
पहिला ठसा फसला. तो मी खिशात ठेवला.
दुसऱ्यात एकेक आकडा वर आला.
आठवडाभर पाण्याखाली होता,
पाण्याला पुसता आला नव्हता.

पासिंगच्या दिवशी पहाटे उठून गाडी धुतली,
डॅशबोर्डवरून खोबरेलाचा हात फिरवला,
आणि त्या वासानं एकदम हसूच आलं.
एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली.
मी येणार त्या सकाळी मार्केट यार्डात
काटे चिंचेनं घासून लख्ख असत,
पारड्याखालचा गुळाचा खडा
तेवढ्या दिवसापुरता गावाला गेलेला असे.
मी शिशाच्या ठिपक्यावर शिक्का ठोकायचो,
तिमाहीचं अक्षर, सालाचे दोन आकडे.
चहा कुणाचा घेतला नाही.
घेतला असेल दोनदा.
तिसऱ्यांदा भडंगाची पुडी होती.

कुपवाडच्या पुढं, तापलेल्या मैदानात
आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची रांग.
प्रत्येक गाडीजवळ एकेक माणूस
दवाखान्यात बाकावर बसतात तसा उभा.
शिरगुप्पे मॅडम आल्या. धाकट्या सुनेच्या वयाच्या.
कागदावर नाव वाचलं, भूपाल आदगोंडा मगदूम,
आणि माझ्याकडं न बघता गाडीकडं बघितलं.
हे मला आवडलं. मीही असंच करायचो.

हॉर्न. वाजला.
डावा. उजवा. ब्रेक दाबा. सोडा.
वायपर.
तो काचेवर अर्धा उठला आणि थांबला,
जेवणाच्या पाटावरून उठताना
हल्ली मी थांबतो तसा.

"काल चालत होता मॅडम."

म्हणालो, आणि जीभ चावली.
किती तोंडांतून ऐकलं होतं हे वाक्य.
मिरजेच्या भाजीबाजारात हौसाबाई तेरदाळे,
तिचा काटा वीस ग्रॅम खोटा,
तोही गिऱ्हाइकाच्या बाजूनं,
रोज नुकसान तिचंच.
"काल बरोबर होता हो, सायेब."
तरी मी जप्त केला.
नियमाला बाजू नसते, म्हणालो.
ती म्हणाली, नियमाला भाजी विकायला लागत नाही, म्हणून.
तो काटा बरीच वर्षं कोठारात होता.
तिला दुसरा कुठून मिळाला, मी विचारलं नाही.

"मोटर बदला. मंगळवारी या."
सहीची जागा कोरी.

एक पोरगा मागोमाग आला, कानाशी वाकला,
काका, हजारात आजच करून देतो की.
माझा हात खिशाकडं गेला, खोटं कशाला बोलू.
खिशात आधी तो फसलेला ठसा लागला,
बोटं काळी झाली.
मंगळवारी येतो म्हणालो.
पोरगा पुढच्या गाडीकडं गेला. तिथं त्याचं जमलं.

मोटर मिरजेत मिळाली, जुन्याच गाडीची काढलेली.
दस्तगीर म्हणाला, मामा, हीपण म्हातारीच हाय,
पर फिरती.

मंगळवारी आभाळात एक ढग नव्हता.
कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरला,
डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं.
मॅडमनी दोन फेऱ्या मोजल्या. सही केली.
पाच वर्षं.

दस्तगीर म्हणाला, आता बंद करा की.
मी कुपवाडच्या फाट्यापर्यंत चालूच ठेवला.